आधी हातात द्या

कॉम्प्युटरचे भाग हातावर तोलून घेणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या वरच्या मजल्यावरचे शिवाप्पाअण्णा. उभा जन्म हुपरीत चांदीचे पैंजण घडवण्यात गेलेला. दुकानदार प्रोसेसरचा वेग सांगायला लागला की अण्णा तळहात पुढे करायचे. “ते ऱ्हाऊ दे. आधी हातात द्या.”

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. अण्णांनी मनावर घेतलं होतं की घरी व्हिडिओ गेमचं मशीन करायचं. पूर्वी पार्लरमध्ये असायचं तसं, लाकडी, दांडी आणि बटणांचं. आत जुना कॉम्प्युटर बसवायचा आणि त्यात ते जुने गेम चालवणारा प्रोग्राम टाकायचा. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला, म्हणून सल्लागार मी. सल्ला त्यांनी एकही घेतला नाही, ओझी मात्र माझ्याकडून वाहून घेतली.

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा. वर्षापूर्वी त्यांच्या बायकोला, अक्कांना, अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात गेला. हात हलवत राहिला तरच सुधारेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अक्कांनी व्यायामाचा रबरी चेंडू एकदा दाबला आणि कॉटखाली टाकून दिला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायच्या, बोलणंही जवळजवळ बंद. आणि हा गृहस्थ कोल्हापूरच्या राजारामपुरीत खेळण्याचे भाग धुंडाळत फिरतोय.

फिरायचे तेही जुन्या मालाच्या दुकानांतून. मदरबोर्ड नाकाशी धरून जळका वास येतो का बघायचे. पॉवर सप्लायचा एक चकचकीत डबा उचलून त्यांनी लगेच परत ठेवला. “ह्यात नुसता वारा हाय.”

“पावणं, पैंजण न्हवं ते,” दुकानदार म्हणाला.

अण्णांनी कोपऱ्यातला धुळकट, जड डबा उचलला आणि तोच घेतला. मी मनात हसलो. पुढं लॅबमधले असले हलके डबे एकामागून एक जळाले तेव्हा उघडून पाहिलं. आत तांबं नावालाच होतं. मॉनिटरही त्यांनी बंद पडलेल्या नेटकॅफेतला, जुन्या काचेचा घेतला. स्वस्त आणि भरभक्कम. तो दोन जिने वर नेला मी. कंबर अजून त्याची आठवण काढते.

दांडीपाशी मात्र स्वस्त-महाग विसरले. चार दुकानं पालथी घातली. करंगळीनं ढकलून बघायचे आणि नको म्हणायचे. शेवटी घेतली तिची घट्ट स्प्रिंग काढून त्यांनी जुन्या टॉर्चमधली ढिली स्प्रिंग बसवली, वर मोसंबीएवढा लाकडी गोळा. नुसता हात टेकला तरी दांडी कलंडायची. जुना कीबोर्ड खोलून त्याच्या वायरी दांडीला आणि बटणांना स्वतः डाख देऊन जोडल्या. टाके दागिन्याला शोभतील असे. मशीनच्या लाकडी चौकटीची उंची खुर्चीवर बसून खेळता येईल इतकीच ठेवली आणि दांडी बसवली उजव्या हाताला.

“अण्णा, उलटं झालंय. दांडी डावीकडं असते, बटणं उजवीकडं.”

“असू दे.”

“कुणाला खेळता येणार नाही.”

“एकाला आलं तरी बास हाय की.”

प्रोग्राम टाकायला गेलो तेव्हा त्यांना विमानाचा एक गेम हवा होता, दुसरा कुठलाही नको. तो सुरू होईपर्यंत अण्णा सांगत राहिले. दहा-बारा वर्षांपूर्वी दोघं माल द्यायला हुपरीहून कोल्हापूरला यायचे. अण्णा गुजरीत सराफांकडे जायचे, अक्का स्टँडवर थांबायच्या. शेजारी गेमचं पार्लर होतं. एकदा अण्णा परतले तर बायको पदर खोचून हाच विमानाचा गेम खेळतेय, आणि कॉलेजची पोरं मागं उभी राहून बघतायत. त्यानंतर दर खेपेला तसंच. पाठ न वळवता अक्का विचारायच्या, गाडी लागली का. समोर हुपरीची गाडी सुटत असायची आणि अण्णा पिशवी धरून सांगायचे, न्हाय अजून.

इतके महिने या माणसाला मी मनात नावं ठेवत होतो, त्याची लाज वाटली.

गेमचं संगीत सुरू झालं. कॉटवर हालचाल झाली. भिंतीकडचं तोंड हळूहळू इकडे वळलं. अण्णांनी अक्कांना धरून खुर्चीत बसवलं, त्यांचा उजवा हात उचलून त्या लाकडी गोळ्यावर ठेवला आणि स्वतः मागं सरकले.

विमान दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा अक्कांचा हात हलला आणि विमान बोटभर उजवीकडे सरकलं. खडक चुकला. डाव्या हातानं त्यांनी बटण दाबलं.

बऱ्याच वेळानं, पडद्यावरची नजर न काढता, जड जिभेनं त्या म्हणाल्या, “गाडी... लागली का?”

अण्णा खुर्चीमागं उभे होते. हातात पिशवी नव्हती, तरी मूठ तशीच धरलेली.

“न्हाय अजून,” ते म्हणाले. “खेळ तू.”