ऑर्लिनच्या खिडकीखालची तेलविहीर

"मला गंडवणारा अजून जन्माला यायचाय!" ऑर्लिन टॉर्गर्सनने हे सकाळपासून बायकोला सात वेळा ऐकवलं होतं. नॉर्थ डकोटातल्या त्याच्या गव्हाच्या रानाखाली तेल लागलं होतं आणि कंपनीचा माणूस भेटायला यायचा होता. आनंदाने ऑर्लिनचे पाय जमिनीवर टिकेनात! त्याच्या बायकोला, डेलोरिसला, मात्र एकच गोष्ट हवी होती, शांत घर.

"तेल काढा नाहीतर तूप काढा, पण खडखडाट लांब ठेवा म्हणावं. माझी झोप गेली तर बघ!"

माणूस आला. त्याने टेबलावर नकाशा पसरला. "विहीर त्या कुंपणापाशी खोदू. घरापासून पाचशे फूट लांब, तसा नियमच आहे."

ऑर्लिनने नकाशावरच्या कुंपणावर बोट आपटलं. कुंपणापलीकडे मर्ना राहायची. तिच्याशी बारा वर्षं अबोला! कुंपणापाशी विहीर म्हणजे निम्मं तेल त्या बयेचं!

"छे छे! घराजवळ आणा!"

"त्याला तुमची लेखी संमती लागेल."

"द्या इकडे!"

"अरे, वाच तरी आधी!" डेलोरिस ओरडली.

"तुला नाही कळायचं त्यातलं! साहेब, अजून जवळ! हां, त्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली!"

"पण जुने कागद बघता..."

"कागद मागाहून! आधी सही!"

सही झाली. माणसाने घाम पुसला. "आता तेलाच्या वाट्याचा करार."

"काढा, काढा! कुठे सही करू?"

"तुम्ही नाही. तुमच्या वडिलांनी हे रान मर्नाबाईंच्या वडिलांकडून घेतलं ना? त्यांनी वरची जमीन तेवढी विकली. खालचं तेल, खनिज सगळं स्वतःकडे राखलं. ते आता मर्नाबाईंचं."

"आणि मला काय?"

"तुडवलेल्या गव्हाची भरपाई."

डेलोरिस उठली. उशी उचलून सरळ गोठ्यात झोपायला गेली.

महिन्याभरात खिडकीखाली असा धडधडाट सुरू झाला, की कपाटातल्या बश्या नाचायला लागल्या. आणि बारा वर्षांनी मर्ना आपण होऊन आली, घडीची खुर्ची काखोटीला मारून!

"माझ्या घरून काही म्हणजे काही दिसत नाही रे," ओट्यावर ऐसपैस बसत ती म्हणाली. "इथून कसं झकास दिसतं!"

ऑर्लिन मुकाट्याने कॉफी टाकायला आत वळला. त्या धडधडाटात मर्नाला दोनदा ओरडून सांगावं लागलं, "मला साखर दोन चमचे हं!"