एका बटणाचा उजेड

तातेराव खड्ड्यात पडले तेव्हा त्यांच्या दातांत मोबाइल होता. सायकलचं हँडल धरायला दोन हात लागतात आणि मोबाइलच्या दिव्याला तिसरा, म्हणून त्यांनी ही सोय काढली होती. पाइपलाइनसाठी खोदलेल्या चरात ते सायकलसकट उतरले, पण मोबाइल सोडला नाही. वर काढणाऱ्या दोघांनी नाव विचारलं, कुठं राहता विचारलं, लागलं का विचारलं. तातेराव नुसते 'हं, हं' करत राहिले. त्या दोघांनी मुकं माणूस दिसतंय म्हणून हळहळ व्यक्त केली, सायकलची चेन बसवून दिली आणि खाणाखुणांनी जपून जायला सांगितलं.

तातेराव जालन्याबाहेरच्या एका बियाण्यांच्या गोदामात हिशेब पाहत आणि गावातल्या मस्तगड भागात राहत. रक्तातली साखर वाढल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना पन्नाशीनंतर सायकलवर बसवलं होतं. सकाळचं जाणं ठीक होतं. संध्याकाळी परत येताना मात्र गावात शिरेपर्यंत रस्त्यावर एक दिवा धड नसे. त्या दिवशी त्यांच्या बायकोने, वंदनाबाईने, फुटलेल्या गुडघ्यावर औषध लावलं. पट्टी बांधून झाल्यावर ती एवढंच म्हणाली की हातात धड उजेड आल्याशिवाय सायकल जिन्याखालून हलणार नाही. तशीही घरात एक बरी बॅटरी लागतच होती. लाईट गेली की माळ्यावरचं काही काढता येत नव्हतं आणि जिन्यात पाय कुठं टाकावा ते कळत नव्हतं.

"बॅटरी न्हाई, टॉर्च," तातेराव म्हणाले. "बॅटरी तिच्या आत असते."

"जे असंल ते आणा. पण उद्या आणा."

तातेरावांचा विचार वेगळा होता. जन्मभर त्यांनी थापट मारल्याशिवाय न पेटणाऱ्या बॅटऱ्या वापरल्या होत्या. आतले सेल फुटून हिरवं पाणी गळायचं आणि झाकण गंजून बसायचं. आयुष्यात पहिल्यांदा चांगली घ्यायची तर चार ठिकाणी पाहून, समजून घ्यावी, असं त्यांनी ठरवलं. आणि तिथून घरातली शांतता गेली.

रोज रात्री जेवण झालं की ते मोबाइलवर टॉर्चचे व्हिडिओ पाहत बसत. त्यांत कुठल्या तरी जंगलात उभी असलेली माणसं समोरच्या डोंगरावर उजेड टाकत आणि तोच डोंगर दुसऱ्या टॉर्चने पुन्हा दाखवत. तातेराव दोन्ही डोंगर डोळे बारीक करून पाहत. जेवताना लुमेन, झोपताना लुमेन. लुमेन म्हणजे उजेडाचं माप, हे त्यांनी वंदनाबाईला समजावलं, समोरच्या राधेश्यामला समजावलं आणि मेथीची जुडी निवडून देणाऱ्या भाजीवालीलाही समजावलं. तिने ते ऐकून घेतलं आणि कोथिंबीर फुकट द्यायची बंद केली.

शेवटी गाडी एका जागी अडली. घरासाठी पसरट उजेड लागतो आणि सायकलसाठी लांब फेकणारा. पसरट घेतली तर रस्त्यावरचा खड्डा दिसणार नाही, लांबची घेतली तर माळ्यावर फक्त एकच डबा दिसेल. हा पेच त्यांनी वंदनाबाईपुढे मांडला तेव्हा ती कणीक मळत होती.

"माणूस एकच, डोळे तेच," ती म्हणाली. "मंग उजेड दोन कशाला पाह्यजेत?"

त्याच संध्याकाळी लाईट गेली. वंदनाबाईने मोबाइल मागितला. तातेरावांचा मोबाइल टॉर्चचे व्हिडिओ पाहून पाहून मेला होता आणि तिचा मोबाइल त्यांनी त्याच कामासाठी दुपारीच घेतला होता. वंदनाबाई अंधारात भाकरी थापत राहिली. तव्यावरची भाकरी करपल्याचं वासावरून कळलं, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "लई उजेड पाडून राह्यले तुम्ही." तातेरावांनी लाईट येताच मोबाइल चार्जिंगला लावला आणि तिच्यासमोरच ऑर्डर टाकून दिली. पसरट आणि लांब असे दोन्ही उजेड एकातच असलेली टॉर्च त्यांना आधीच सापडली होती. फक्त धीर होत नव्हता.

टॉर्च आली ती लांबट वांग्याएवढी होती. काळी, जड आणि एकच बटण असलेली. सोबतच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की बटण दाबून धरलं तर मंद उजेड, एकदा दाबलं तर मध्यम, पाठोपाठ दोनदा दाबलं तर पूर्ण आणि तीनदा दाबलं तर मिचकणारा. बंद करायला पुन्हा दाबून धरायचं, पण उजेड कोणता चालू आहे त्यावर किती वेळ धरायचं ते ठरणार. तातेरावांनी चष्मा लावून कागद वाचला, चष्मा काढून वाचला आणि मग गॅलरीत जाऊन दोनदा दाबलं.

समोरच राधेश्यामचं घर होतं. त्याच्या आई द्वारकाबाई दिवेलागणीनंतर दोन घास खाऊन खिडकीजवळच्या पलंगावर झोपत. सगळी खोली पांढरीशुभ्र झाली तशा त्या दचकून उठल्या, उशीर झाला म्हणून स्वतःवरच चिडल्या, थंड पाण्याने आंघोळ करून तुळशीला पाणी घालून आल्या आणि सूनबाई अजून उठली कशी नाही म्हणून आवाज चढवू लागल्या. सूनबाई तेव्हा रात्रीची भाजी फोडणीला टाकत होती. थोड्या वेळाने राधेश्याम दारात उभा राहिला. तो मुळात शांत माणूस.

"साहेब," तो म्हणाला, "माताजींची आंघोळ झाली, पूजा झाली. आता त्यांना झोप येत न्हाई आन् आम्हाला झोपू देत न्हाईत. तुम्ही जरा तिकडं भिंतीवर उजेड पाडत जा."

तातेराव चारदा माफ करा म्हणाले. वंदनाबाईने द्वारकाबाईंसाठी गरम दूध पाठवलं. ते पाठवताना तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र सायकल जिन्याखालून निघाली. तातेरावांनी टॉर्च हँडलला पट्टीने बसवली आणि कोणी काढून नेऊ नये म्हणून पट्टीचे नट पान्याने इतके आवळले की ते आता त्यांनाही सुटण्यासारखे राहिले नाहीत. पाना अर्थातच घरी राहिला. वंदनाबाईने दारात उभं राहून त्यांना दिवस मावळायच्या आत निघायला सांगितलं. तातेराव हसले. दिवस मावळल्याशिवाय टॉर्च कळणार कशी, असं ते मनात म्हणाले.

आणि खरोखर, गोदामातून निघाल्यावर पहिला पट्टा त्यांनी सुखात कापला. खड्डे दिसत होते, खड्ड्यांतले दगड दिसत होते, रस्त्याकडेच्या बाभळीचे काटेसुद्धा मोजता आले असते. ज्या चरात ते पडले होते तो अजून तसाच होता. त्याच्या काठाने ते ऐटीत गेले. वाईट एवढंच की समोरून येणाऱ्यांना काहीच दिसत नव्हतं. एक मोटारसायकलवाला डोळ्यांवर हात धरून थेट ज्वारीत उतरला. दुसऱ्याने गाडी थांबवून त्यांच्या घराण्याविषयी बोलायला सुरुवात केली. "भाऊ, ट्रक घेऊन चाल्ले का सायकल?" असं विचारून तिसरा निघून गेला. तातेराव घाबरले. उजेड कमी करावा म्हणून त्यांनी चालत्या सायकलवर बटण दाबलं. काही फरक पडला नाही, म्हणून पुन्हा दाबलं आणि पुन्हा दाबलं.

टॉर्च मिचकायला लागली. साधीसुधी नव्हे. सगळा रस्ता दिसे, नाहीसा होई, दिसे, नाहीसा होई. एक रिक्षावाला मागे रुग्णवाहिका आली समजून बाजूला झाला. तातेरावांनी दाबून धरलं तर मिचकणं थांबायच्या ऐवजी वाढलं. उतरून पाहावं म्हणून ते कुंडलिका नदीच्या पुलाच्या अलीकडे थांबले, तेवढ्यात त्या भागातली लाईट गेली.

पुलाजवळ एक वरात अडकलेली होती. लाईट गेली तेव्हाच जनरेटरनेही मान टाकली होती. नवरदेव घोड्यावर अंधारात बसला होता, बँडवाले वाजवावं की नाही म्हणून एकमेकांकडे पाहत होते आणि नाचणारी पोरं वैतागून उभी होती. अशा वेळी अंधारातून मिचकणारा पांढरा उजेड आला. पोरांना वाटलं मालकांनीच काही सोय केली. एक आरोळी उठली, बँडने ठेका धरला आणि तातेराव काय होतंय हे कळायच्या आत वरातीच्या मधोमध होते.

कारभारी नावाचे नवरदेवाचे काका पुढे आले. घामाने डबडबलेला, ओरडून आवाज बसलेला माणूस. वरात टेंभुर्णीहून आलेली, मुलीकडचे दारात ताटकळलेले, गुरुजींचे फोनवर फोन. तातेरावांनी सांगून पाहिलं की आपण लाईटवाले नाही, मस्तगडात राहतो, घरी बायको वाट पाहते आहे. कारभारींनी सगळं ऐकलं आणि हात जोडले.

"पाहुणे, तुमचं सगळं बराबर आहे. पण नवरदेव अंधारात न्यावा का?"

तातेरावांनी घोड्यावरच्या नवरदेवाकडे पाहिलं. निदान टॉर्च काढून द्यावी म्हटलं तर नट सुटत नव्हते. म्हणजे टॉर्चबरोबर सायकल जाणार, आणि सायकलबरोबर तातेरावांना जाणं भाग होतं. कोणीतरी त्यांच्या डोक्यावर केशरी फेटा चढवला, म्हणजे गर्दीत ते ओळखू येतील. खिशातला मोबाइल थरथरत होता, पण बँडपुढे तो कोणाला कळणार? ते सायकल ढकलत घोड्याच्या पुढे चालू लागले. मिचकणं मध्येच थांबून पूर्ण उजेड लागला, तर पोरं नाचायची थांबली आणि त्यांच्याकडे रागाने पाहू लागली. तातेरावांनी नाइलाजाने तीनदा दाबलं.

घरी वंदनाबाईने आधी वरण पुन्हा गरम केलं, मग फोन लावला, मग गॅलरीतून रस्ता पाहिला. फोन वाजत होता आणि उचलला जात नव्हता. मागच्या वेळी निदान मोबाइल तोंडात होता म्हणून बोलले नाहीत, या वेळी काय झालं असेल? तिने राधेश्यामला हाक मारली. त्याने काही न विचारता स्कूटर काढली. दोघं मागच्या रस्त्याने थेट त्या चरापर्यंत गेले. राधेश्यामने मोबाइलचा उजेड धरला आणि वंदनाबाई काठावर वाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहत गेली. चरात पाणी होतं, एक फाटकी चप्पल होती. ती नवऱ्याची नाही याची खात्री होईपर्यंत तिने राधेश्यामला उजेड हलवू दिला नाही.

परत येताना त्यांनी पुलाचा मोठा रस्ता धरला आणि ती दोन्ही कडा पाहत राहिली. पुलापलीकडे मंगल कार्यालयासमोर गर्दीने रस्ता बंद झाला होता. स्कूटर थांबली. पांढरा उजेड मिचकत होता, माणसं नाचत होती, आणि त्या सगळ्यांच्या पुढे केशरी फेटा घातलेला एक माणूस सायकलचं हँडल धरून अपराध्यासारखा उभा होता. वंदनाबाई गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेली. तातेरावांना ती एकदा दिसली, नाहीशी झाली आणि पुन्हा दिसली तेव्हा अगदी समोर होती.

"मी येऊनच राह्यलो होतो," ते म्हणाले.

"मी चरात पाहून आल्ते तुम्हाला."

एवढं बोलून तिने तोंड फिरवलं. तातेरावांनी बटणावरचा हात काढला. कारभारी मध्ये पडले म्हणून बरं. भाऊंनी आज आमची इज्जत राखली, जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, असं म्हणत त्यांनी वंदनाबाईला बायकांच्या स्वाधीन केलं. तिला पहिल्या पंगतीत नवरदेवाच्या आत्याशेजारी बसवलं. लाईट आल्यावर नवरदेवाच्या आईने खणानारळाने ओटी भरली आणि वर आग्रहाने एक लुगडं ठेवलं. राधेश्यामनेही दोन बुंदीचे लाडू खाऊन तिसरा द्वारकाबाईंसाठी मागून घेतला. सायकल कार्यालयाच्या पायरीशी उभी होती. टॉर्चची बॅटरी संपून ती आपोआप बंद झाली, तेव्हा तातेरावांच्या जिवाला चैन पडली.

पुढे आठवडाभर वंदनाबाई त्या टॉर्चविषयी एक शब्द बोलली नाही. नट सोडवायला मेकॅनिक आणावा लागला तरी बोलली नाही. तातेरावांनी ठरवलं की आता ही टॉर्च फक्त मंद उजेडावर, फक्त घरात आणि फक्त भिंतीकडे तोंड करून लावायची. आठवडा संपला त्या दिवशी सकाळी अंतरवाली सराटीचा भुजंग नावाचा एक अनोळखी माणूस पत्ता विचारत दारात आला. कारभारींनी पाठवलं होतं. त्याच्या भाचीचं लग्न होतं. साहेबांची ती मिचकणारी बॅटरी वरातीला मिळाली तर बरं होईल, खर्चापाण्याचं पाहून घेऊ, असं तो अवघडून म्हणाला.

तातेरावांनी घसा साफ केला. हा आपला धंदा नाही, त्या दिवशी नाइलाज झाला होता, असं नीट सांगायला त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात वंदनाबाई हात पुसत बाहेर आली. ओटीतलं ते नवं लुगडं नेसलेली. तिने भुजंगला बसायला सांगितलं आणि लग्नाची तारीख विचारली.

"एक दिवस आधी कळवा, चार्ज करावी लागते," ती म्हणाली. "आन् हेही संगं येतील. ते बटण दुसऱ्या कोणाला जमत न्हाई." मग तिने तातेरावांकडे एकवार नीट पाहिलं. "फेटा मात्र गुलाबी आणा. केशरी आहे आमच्याकडं."