थ्रासोस मामाचा चाळिसावा

माणूस मेल्यावर त्याचं काय काय करावं, हे अख्ख्या अथेन्समध्ये माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. ही बढाई नाही, हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. केरामिकोसच्या जुन्या स्मशानात मी प्रवाशांना पायी फिरवतो. मृताच्या तोंडात नाणं कशाला, लग्नाआधी गेलेल्याच्या थडग्यावर दगडी घागर का, थडग्यांना फिती बांधून तेल का चोळत, सगळं मला तोंडपाठ. त्यामुळे थ्रासोस मामाच्या चाळिसाव्याचं, म्हणजे मेल्यानंतर चाळिसाव्या दिवशीच्या विधीचं, एक लहानसं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा त्यात घोटाळा होईल असं स्वप्नातही आलं नाही.

मामा आमच्या इमारतीचा कारभारी होता आणि सगळ्यांची घरं गरम ठेवणाऱ्या तळघरातल्या बॉयलरची किल्ली कायम त्याच्या खिशात असे. बाहेर बर्फ भुरभुरत असलं तरी मामाच्या मते हवा "जराशी गार" असायची. सगळी इमारत स्वेटर घालून झोपायची आणि झोपण्यापूर्वी मामाला शिव्या द्यायची. त्याला पुरून आलो त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरची पोलिक्सेनी जिन्यात म्हणाली, "आता तरी ऊब मिळेल मेल्याला." ही नरकातली ऊब एव्हान्थिया मामीने ऐकली.

तेव्हापासून मामीला एकच घोर लागला. चाळिसाव्याला आमच्याकडे कोलिव्हा करतात. म्हणजे गव्हाच्या घुगऱ्याच, डाळिंबाचे दाणे आणि मनुका घातलेल्या, वर पिठीसाखरेचा थर आणि त्यावर बदामांचा क्रॉस. चर्चमध्ये प्रार्थना झाली की त्या वाटायच्या आणि जो खाईल त्याने म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." आता मामासाठी हे म्हणणार कोण?

"दोन माणसं आली ना मेनेलाओस, तरी मी समजेन गंगेत घोडं न्हालं," मामी म्हणाली, अर्थात आमच्याकडच्या भाषेत. आणि दोन माणसांसाठी तिने लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढा ट्रे केला.

तो चर्चमध्ये पोचवायचं काम माझं. त्याच सकाळी माझ्याकडे नॉर्वेच्या निवृत्त शिक्षकांचा गट होता. पण चर्च स्मशानाच्या भिंतीला लागूनच आहे. ट्रे बरोबर घ्यायचा, गट फिरवायचा, संपता संपता चर्चमध्ये शिरायचं. एका दगडात दोन पक्षी, आणि आमच्याकडे दगडांना काय तोटा! स्मशानाच्या दाराशी मी ट्रेवर फडकं टाकलं आणि चेहरा गंभीर केला. गंभीर माणसाला सहसा कोणी अडवत नाही.

सुरुवात झकास झाली. नातवंडाला मांडीवर घेतलेली आजी कोरलेल्या दगडापाशी मी सांगितलं की दोघंही एकाच थडग्यात आहेत. ते ऐकून डाग्नी नावाची एक उंच, गोरीपान बाई रडायला लागली, ती थांबेचना. धंद्याच्या दृष्टीने हे चांगलंच असतं. मी आवाज आणखी खाली आणला.

थडग्यांच्या रस्त्यावर येईपर्यंत माझे हात भरून आले होते. ट्रे एका बुटक्या भिंतीवर सावलीत ठेवला, फडकं घसरलं ते तसंच राहू दिलं, आणि ट्रेकडे पाठ करून बोलू लागलो. जुने लोक नवव्या दिवशी थडग्यावर अन्न आणत, मेलेल्याच्या नावाने ठेवत, वगैरे. वळून बघतो तर डाग्नीच्या हातात मामीने बांधून दिलेला कागदी कप, कपात घुगऱ्या, आणि तिच्यामागे रांग. त्यांना वाटलं, हा सहलीतलाच भाग आहे.

ओरडावं तर पंचाईत. मेलेल्याच्या नावाचं अन्न खाणाऱ्याचा हात धरायचा नसतो. तेवढ्यात शिट्टी फुंकत पहारेकरी अर्गिरिस आला. इथे खाणंपिणं बंद आहे, ट्रे जप्त, असं म्हणतच आला. मग त्याला बदामांचा क्रॉस दिसला. त्याने टोपी काढली, छातीवर क्रॉसची खूण केली आणि निमूटपणे एक कप भरून घेतला. कोलिव्हा जप्त करता येत नाही, नाकारताही येत नाही. वर त्याने सगळ्या नॉर्वेकरांना "देव त्याला क्षमा करो" हे वाक्य घोकवून घेतलं. शिक्षकच ते, एका दमात पाठ केलं. शेजारून जाणारा एक फ्रेंच गटही पोटभर श्रद्धेने जेवून गेला.

"पण हे कुणासाठी?" डाग्नीने डोळे पुसत विचारलं.

इथे मी कुठल्याही जुन्या पुढाऱ्याचं नाव ठोकून दिलं असतं तर भागलं असतं. माझ्या तोंडून खरं निघालं. मग काय, खाल्ल्या घुगऱ्यांना जागायचं म्हणून सगळा गट माझ्यामागून चर्चकडे निघाला.

चर्चसमोरच्या कॅफेत, आत न जाता, आमची इमारत कॉफी पीत बसली होती. पुढे जवळजवळ रिकाम्या ट्रेसह मी, मागे हुंदके देणारी उंच बाई आणि तिच्यामागे माना खाली घातलेले परदेशी, हे पाहून सगळ्यांचे कप खाली आले. पाचच मिनिटांत पोलिक्सेनीसकट सगळी इमारत चर्चच्या मागच्या बाकांवर हजर.

मामी पहिल्या बाकावर एकटी बसली होती. तिने वळून भरलेलं चर्च पाहिलं, मग ट्रे पाहिला. त्यात बदामांच्या क्रॉसचा एक हात उरला होता. फादर गेरासिमोस यांनी काही न विचारता त्या हातावर पूर्ण प्रार्थना म्हटली.

"ती उंच बाई कोण?" मामीने हळूच विचारलं.

"नॉर्वेहून आली आहे."

"एवढ्या लांबून? आणि रडते का?"

"सकाळपासून रडते आहे."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. मामी मामाच्या फोटोकडे बघत राहिली. "दर हिवाळ्यात बॉयलरचा पार्ट आणायला पिरेयसच्या बंदरावर जायचा," ती म्हणाली. "तो पार्ट काही शेवटपर्यंत मिळाला नाही."

मामी त्या बाईचं नातं कुठे जोडते आहे ते माझ्या ध्यानात आलं. मी सगळं भडाभडा सांगून टाकलं: प्रवासी, भिंत, सावली, घसरलेलं फडकं. मामीने माझ्या गालावर हात ठेवला. "राहू दे. भाच्याने मामाची बाजू घ्यायचीच असते."

मागून पोलिक्सेनीचा उसासा ऐकू आला, आणि त्यात शिवी नव्हती. मामी उठली. इतकी ताठ मी तिला कधी पाहिली नव्हती. तिने डाग्नीचे दोन्ही हात हातात घेतले. डाग्नीने सकाळी शिकलेलं वाक्य बिनचूक म्हटलं, "देव त्याला क्षमा करो." मागच्या सगळ्या बाकांनीही तेच म्हटलं, आणि मनापासून म्हटलं.

"मी तर केली," मामी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तिला सांग, तुलाही केली."

मी डाग्नीला इंग्रजीत सांगितलं की मामी विचारते आहे, घुगऱ्या आवडल्या का?

डाग्नीने डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि खूप वेळ मान हलवली.

"बघ," मामी म्हणाली, "कबूल करते आहे."