भालचंद्ररावांची मेमरी

भालचंद्र रिसबुडांचा कॉम्प्युटर शनिवारी सकाळी पुन्हा अडकला आणि त्यांनी हात टेकले. पुण्याच्या कंपनीने त्यांना नोएडाच्या नव्या कारखान्यावर धाडलं होतं. बायको शालिनी बँकेच्या नोकरीपायी आणि मुलीच्या बारावीपायी पुण्यातच राहिली होती. इथल्या फ्लॅटमध्ये एक पलंग, एक टेबल आणि दोन खुर्च्या. त्यातली दुसरी कपडे वाळत घालायला. कारखान्याची ड्रॉइंग घरी आणून ते रविवार ढकलत. घरात त्यांना ओ देणारा एवढा कॉम्प्युटरच होता, आणि हल्ली तोही ओ द्यायला फार वेळ लावत होता.

फ्लॅटमध्ये फोन अजून लागला नव्हता. म्हणून ते खालच्या गुप्ताजींच्या औषधाच्या दुकानातल्या पीसीओवर गेले आणि त्यांनी दिल्लीतल्या नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर मेकॅनिकला फोन लावला. लाइन खराब होती. त्यांना ओरडावं लागलं.

“हां जी, मेमरी बहुत कम पड रही है! जरा बडा काम किया की सब अटक जाता है... नहीं जी, शुरू से ही कम थी... खोलना पडेगा? तो खोल दो! घर पे ही हो जाएगा ना? हां हां, मैं अकेला ही हूं.”

गोळ्या मोजणारे गुप्ताजी थबकले. इतक्या महिन्यांत त्यांनी या गिऱ्हाइकाचं नावही विचारलं नव्हतं. आता ते काउंटरबाहेर आले.

“भाईसाब, घर का रास्ता मालूम है ना?”

“सामने ही तो है.”

“शाबाश!” गुप्ताजी गहिवरून म्हणाले.

संध्याकाळी दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरच्या मिसेस चड्ढा वाटीभर भिजवलेले बदाम घेऊन उभ्या होत्या.

“छीलके खाना. मेरे ससुरजी को भी यही था. आखिर में मुझे नर्स समझते थे.”

“जी, वो असल में कॉम्प्युटर...”

“बिल्कुल! दिमाग कॉम्प्युटर ही तो होता है.” असं म्हणून त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलून पलंगावर टाकले आणि चांगल्या ऐसपैस बसल्या. सासऱ्यांची अख्खी कहाणी झाली, मग नणंदेची. त्या गेल्यावर भालचंद्ररावांच्या लक्षात आलं, की या खोलीत आज प्रथमच कुणीतरी बसून बोललं. खुलासा राहूनच गेला. उद्या सांगू, त्यांनी ठरवलं.

पण तो उद्या काही उजाडेना. चौकीदार सलाम ठोकून त्यांना त्यांचाच फ्लॅट नंबर सांगू लागला. तळमजल्यावरचे रिटायर्ड कर्नल रोज कोपराला धरून त्यांना फिरायला नेऊ लागले आणि आज वार कोणता ते विचारू लागले. एकदा मंगळवारी भालचंद्रराव बुधवार म्हणाले, तेव्हा तर त्यांनाच दरदरून घाम फुटला. राजमा आला, कढी आली, गाजराचा हलवा आला. महिनोन् महिने जिन्यात मान फिरवून जाणारी माणसं आता दिवसातून दोनदा स्वतःची ओळख करून देत होती.

पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे शालिनीचा फोन दुकानात आला. नवऱ्याला बोलावण्याआधीच गुप्ताजींनी तिला सांगून टाकलं, “भाभीजी, हिम्मत रखिए. डॉक्टर खोलने वाले हैं.”

मंगळवारी ती बॅग घेऊन दारात हजर.

“मी कोण?” तिने उंबऱ्यातूनच विचारलं.

“अगं शालिनी! तू इकडे कशी?”

“आपल्या लग्नाची तारीख सांगा.”

“अं... बावीस मे? नाही, तेवीस.”

“डिसेंबर हो, डिसेंबर!” म्हणत ती मटकन बसली आणि रडू लागली. तारीख त्यांना लग्नापासूनच येत नव्हती, हे त्या गडबडीत दोघांनाही सुचलं नाही. पाठोपाठ आलेल्या मिसेस चड्ढांनीही पदराला डोळे पुसले.

संध्याकाळी खोली भरून गेली होती. कर्नल पलंगावर, गुप्ताजी खिडकीत, शालिनी स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देतेय. एवढ्यात आज येतो, उद्या येतो करणारा मेकॅनिक नेमका उगवला.

“रिसबुड साहब? कॉम्प्युटर की मेमरी बढाने आया हूं.”

भालचंद्ररावांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. खरं सांगितलं, तर खोली रिकामी व्हायला पाच मिनिटंही लागणार नव्हती. आणि शालिनी उद्याच्या गाडीने परत.

“मैंने बुलाया था?” ते कपाळ चोळत म्हणाले. “मुझे तो कुछ याद नहीं.”

“अरे साहब, आप ही ने फोन—”

“बीमार आदमी से बहस नहीं करते,” म्हणत कर्नलनी मेकॅनिकला खांद्याला धरून जिन्यापर्यंत पोचवलं. “इस हालत में भी बेचारे को काम सूझता है!”

मंडळी पांगल्यावर दोघं जेवायला बसली. शालिनीने भात वाढला.

“आमच्या बँकेतही मागच्या महिन्यात कॉम्प्युटरची मेमरी वाढवून घेतली,” ती म्हणाली.

भालचंद्ररावांचा घास हातातच राहिला. “शालिनी, मी सांगणारच होतो गं.”

“कधी?”

तिने खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर काही नव्हतं. फळीवर एक ताट, एक वाटी, एक पेला. वाढायला म्हणून तिला चड्ढांकडून दुसरं ताट मागून आणावं लागलं होतं.

“इथे असेच राहता?”

“असाच.”

मग तिने त्यांच्या पानात आणखी एक पळी आमटी वाढली.

“माझी रजा रविवारपर्यंत आहे,” ती म्हणाली. “तोवर खबरदार काही आठवलं तर!”