रंगनाथमामांचं बोट

रंगनाथमामा उजव्या हातानं कुणाशीच हात मिळवत नसत. लांबूनच नमस्कार. दळणाचा डबा डाव्या हातात, पाण्याची बादली डाव्या हातात. थंडीत तर उजव्या हाताच्या मधल्या बोटाला मामींनी विणलेलं लोकरीचं टोपडं. ते कॅरमचं बोट, स्ट्रायकर मारायचं!

"गॅसची टाकी तरी उचला," मामी ओरडत.

"बोट लचकलं तं डाव कोण घ्यायचा? तू?"

सिडकोत आमची घरं भिंतीला भिंत लागून. चितेगावच्या कंपनीतून मामा रिटायर झाले, पण तिथल्या कामाबद्दल कधी चकार शब्द नाही. विषय एकच. लेकासाठी करमाडला मुलगी बघायला गेले, तेव्हा पोहे यायच्या आत मुलीच्या बापाला विचारलं, "घरात बोर्ड हाय का?" नव्हता. लग्नात व्याह्यांना आहेर म्हणून मामांनी कॅरमबोर्डच दिला.

रोज संध्याकाळी ते स्कूटरवर मागं सलीमभाईंना बसवून कॅरमच्या क्लबात जात. सलीमभाई म्हणजे टेलर, मामांचा जुना दोस्त आणि डबल्सचा जोडीदार. मागच्या वर्षी त्यांना लकव्याचा झटका आला. बरे झाले, पण हात थरथरतच राहिला. मामा तरी त्यांनाच जोडीला घेत आणि रोज हरत. "राणी गेली तं जाऊ दे, जोडी नाय सोडायची."

एकदा सलीमभाई नेम धरत होते. हात इतका कापत होता, की स्ट्रायकर बोर्डावर टकटक वाजत होता. क्लबच्या मालकानं मोबाइलवर ते टिपलं, वर ढोलकीचं गाणं चढवलं आणि क्लबच्या ग्रुपवर टाकलं. सलीमभाईंकडं साधा फोन, त्यांना पत्ताच नाही. बाकीच्यांनी हसरी तोंडं पाठवली.

दुसऱ्या दिवशी मामा एकटेच क्लबात आले. मी तिथंच होतो.

"काढून टाका ते. अन् सगळ्यांसमोर म्हणा, चुकलं."

"मजाक हाय मामा," मालक हसला. "अन् क्लब माझाय. पटत नसंल तं दरवाजा उघडाच हाय."

मामांनी सगळीकडं पाहिलं. वर्षानुवर्षं सोबत खेळलेली माणसं खाली बघून बोर्डावर पावडर पसरत होती. मामा बाहेर पडले. मी मागोमाग निघालो. जिन्यात ते एवढंच म्हणाले, "सलीमला सांगशील तं याद राख."

त्यानंतर ते कॅरम खेळलेच नाहीत. घरातला बोर्डही व्याह्यांकडं पाठवून दिला. आता संध्याकाळी सलीमभाईंच्या घरी जाऊन बसतात.

परवा मीही गेलो होतो. सलीमभाई भडकलेलेच होते.

"मेरा हाथ तो गया. तेरा सलामत है, फिर कायकू छोड़ा रे? तेरे साथ मेरा भी क्लब छूट गया."

"कंटाळा आला," मामा म्हणाले.

"कंटाळा! नाशुक्रा है तू, रंगनाथ. वो क्लब का मालिक कित्ता भला आदमी. मेरी बीमारी में फल लेके आया था."

मी मामांकडं पाहिलं. त्यांनी कपातला चहा बशीत ओतला, फुंकर मारून निववला आणि बशी सलीमभाईंच्या ओठांशी धरली.

"व्हय," ते म्हणाले. "मानूस चांगला हाय."