मोरेश्वरची शिवण

मोरेश्वर सुतारानं एकदा ठरवलं की ठरवलं! मग ते काम होवो न होवो, ठरवण्यात गडी कधी कमी पडला नाही. त्र्याऐंशी साली नागपूरच्या बसमधून सौंसरला उतरला, तो थेट चुलीपाशी जाऊन बायकोला म्हणाला, "यमुना, मी गिटार बनवून राहिलो!"

"काय बनवून राह्यले जी?"

"गिटार! नागपूरच्या दुकानात पाह्यली. ठोकून पाह्यली, उलटी करून पाह्यली. दुकानदारानं हाकललं, नाही तर आतून बी पाह्यली असती. अवं, खोका आहे तो! आपण बैलबंडीचं चाक करतो, आपल्याले खोका नाही जमत?"

पांढुर्ण्याला श्रावण नावाच्या माणसाची ऑर्केस्ट्रा पार्टी होती. तो एकदा चारचौघांत बोलून गेला होता, "गिटार कंपनी करते, सुतारानं खाटा कराव्या." ते वाक्य मोरेश्वरच्या काळजात रुतून बसलं होतं. "कोणाजवळ बोलू नको," तो यमुनाला म्हणाला. "बनली की थेट श्रावणच्या हातात देतो. सारं पांढुर्णा पाह्यत राहीन!"

दुकानदारानं हाकलता हाकलता एक गोष्ट मात्र सांगितली होती. गिटारचं लाकूड तीन वर्षं सावलीत वाळवावं लागतं. मोरेश्वरनं मोहगावच्या एका शेताच्या धुऱ्यावरचं, वादळात पडलेलं शिवणीचं जुनं झाड आणलं. लाकूड चिरायच्या आरा मशीनवर "रेषा उभी आली पाह्यजे!" म्हणून मशीनवाल्याशी भांडला. माणसाएवढ्या लांब बारा फळ्या निघाल्या. टोकं तडकू नयेत म्हणून त्यानं त्यांना मेण फासलं, वारं खेळावं म्हणून मधे पट्ट्या टाकल्या, वाकू नयेत म्हणून वर भला मोठा दगड ठेवला. आता ठेवायचं कुठं? अंगणात ऊन, चुलीपाशी धूर, गोठ्यात ओल. सावलीची, वाऱ्याची आणि कोरडी जागा अख्ख्या घरात एकच होती, ती म्हणजे बापाची, दादाजींची खोली. झालं! दादाजींच्या खाटेच्या पायथ्याशी चळत उभी राहिली. दादाजींचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि खोकला जवळपास तेवढाच जुना.

चौथ्या दिवशी शेजारचा गुणवंता आला. हा दादाजींचा बिडीचा सोबती. याच्या कानी पडलेली बातमी बसच्या आधी लोधीखेड्याला पोचायची.

"मोरेश्वर, हे लाकूड कायचं बे?"

"आहे एका कामाचं, काका. तीन वर्षांनी लागंन."

"अन् मेण कायले लावलं?"

"तडकू नये म्हणून. कोणाजवळ बोलू नका पण."

गुणवंतानं लाकडाकडे पाहिलं. मग दादाजींकडे पाहिलं. लाकूड माणसाएवढं होतं आणि दादाजीही माणसाएवढेच होते. गुणवंतानं हळूच चपला घातल्या आणि निघाला.

संध्याकाळी पानठेल्यावर बातमी होती, "मोरेश्वरनं बापाचं सरण बापाच्याच खाटेपाशी रचून ठेवलं!" दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं दादाजींना तीन वर्षांची मुदत दिली. तिसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरनं ती तीन दिवसांवर आणली. डॉक्टर बिचारा कोण, हे अजून कोणाला ठाऊक नाही! आणि चौथ्या दिवशी मोरेश्वरची बहीण इंदू मोहगावहून बसमधून रडतच उतरली. तिच्या मागं चार बाया होत्या, त्या खास सोबत रडायला आल्या होत्या.

"बाबाऽऽ!" म्हणून तिनं उंबऱ्यातच अंग टाकलं.

दादाजी खाटेवर बसून पोहे खात होते. "कोण मेलं वं बाई?" त्यांनी विचारलं.

मग इंदू भावावर उलटली. "भाऊ, थोडी तरी लाज ठेवाची होती! बाप जिताजागता अन् तू सरण रचून राह्यला?"

तोवर अर्धा मोहल्ला दारात जमला होता. मोरेश्वरचा नाइलाज झाला. "अवं, गिटारचं लाकूड आहे ते! गिटारचं!"

मग गुणवंता म्हणाला, "मोरेश्वर, लबाड बोलाचं तर पटंन असं तरी बोल गा."

तेवढ्यात दादाजींनी काठी आपटली. "चूप बसा सारे! पोरानं बरोबर केलं. माहा बाप मेला तवा आखाडातली झड होती. ओलं बाभूळ! सारा दिवस नुसता धूर, बाप काही पेटत नव्हता. तवाच मनात आलं होतं, आपल्या वक्ताले वाळलं लाकूड पाह्यजे. पण पोराले हे सांगावं कसं? माह्या पोरानं न सांगता ओळखलं!" आणि म्हातारा चक्क डोळे पुसायला लागला.

आता तुम्हीच सांगा, अशा बापाला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्याला बापाची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर लाकडाला फुकटचा राखणदार मिळाला याचा थोडा आनंदही झाला!

राखणदार तरी कसा! यमुनानं चूल पेटवायला एक पट्टी मागितली तर म्हातारा काठी घेऊन उठला. दर महिन्याच्या एक तारखेला फळ्या उलटवून घ्यायचा. पाहुणा आला की पाण्याआधी लाकूड दाखवायचा. "ठोकून पाह्य! कसं खणखण वाजते! आहे असं लाकूड कोणाच्या नशिबात?" लाकूड वाळत गेलं आणि म्हातारा तजेलदार होत गेला. खोकला पळाला, भाकर दीडाची दोन झाली.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात तीन वर्षं भरली. मोरेश्वर पांढुर्ण्याला गेला आणि छाती काढून श्रावणला म्हणाला, "शुक्रवारी ये. लाकूड पाह्य, मग बोल." मनात बेत पक्का होता. खालच्या दोन फळ्या काढायच्या, तिथं दोन सागाच्या सरकवायच्या. म्हाताऱ्याला आता कुठं दिसतं?

सोमवारी पावसाची झड लागली. गुरुवारी सकाळी गुणवंता गेला!

सरपणाच्या टालावरचं लाकूड भिजलेलं, घरोघरच्या गोवऱ्यांचा लगदा झालेला. पन्नास माणसं मोरेश्वरच्या अंगणात येऊन उभी राहिली. कोणी काही मागितलं नाही. सगळे फक्त दादाजींच्या खोलीकडे पाहत होते. मयताला लाकूड नाही म्हणणारा माणूस सौंसरात अजून जन्माला यायचा आहे.

दादाजी उठले. "माहं घ्या! गुणवंता माहा दोस्त होता. माहं मी पुढं पाह्यतो."

"बाबा, पण ते..."

"पण काय?"

पन्नास डोकी मोरेश्वरकडे वळली. "काही नाही," तो म्हणाला. "जपून उचला, कोपरे लागतीन."

गडबडीत त्यानं दोन फळ्या खाटेखाली सरकवल्या. पण ज्या म्हाताऱ्याला दारातली सून दिसत नव्हती, त्याला ते बरोबर दिसलं! "बारा होत्या. या दोघी खाटेखाली काय करून राहिल्या?" त्याही गेल्या.

घाटावर मोरेश्वर असा ढसाढसा रडला की गुणवंताच्या पोरानंच त्याला पोटाशी धरलं. "भाऊ, सावरा. बाबावर तुमचा एवढा जीव होता, आम्हाले माहीत नव्हतं!" भुरभुर पावसात एका काडीत सरण पेटलं. लोक धन्य धन्य म्हणाले.

शुक्रवारी श्रावण आला. रिकाम्या खोलीत दगड पाहिला. "लाकूड कुठं आहे?"

"काल जळलं."

श्रावण पुढच्या बसनं गेला आणि कंपनीची गिटार घेतली.

तेरवीच्या पंगतीत मोरेश्वरच्या कानाशी एक म्हातारा लागला, "बापू, माह्यासाठी बी तशीच शिवण ठेव. मेण लावून." मग दुसरा आला. मग तिसरा. दिवाळीपर्यंत सहा ऑर्डरी झाल्या. सातवी दादाजींची, पण नंबर त्यांचाच पहिला. गिटारची एकही नाही!

यमुना कधी कधी विचारते, "मग गिटार कधी बनवता जी?"

"हे सात जण मोकळे होऊ दे, मग."

याला आता तीन वर्षं होतील. दर एक तारखेला सातही म्हातारे काठ्या टेकत येतात, आपापल्या फळ्या उलटवून घेतात, ठोकून पाहतात, चहा पितात आणि खूश होऊन घरी जातात. एकालाही कसली म्हणून घाई नाही.