आतले डॉक्टर

हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही. आमच्या आतल्या डॉक्टरांनी पडद्याबाहेर बसून माझ्या बायकोचं म्हणून जे काळीज ऐकलं, ते माझं होतं.

'आतले' हे नाव त्यांना रत्नागिरीने दिलेलं. गावात कापणारे होते, काढे उकळणारे होते. न कापता छातीतलं, पोटातलं ओळखणारे हे एकटेच. त्यांना दिसेल ते ठोकून पाहायची खोड. दार ठोकायचे, ते कोणी उघडावं म्हणून नव्हे; आत वाळवी आहे का, म्हणून. बाजारात फणस दिसला की बोटांनी ठकठक. "बघू, आत काय म्हणतंय!"

"डाक्तर, फणसाला ताप हाय काय वो?" फणसवाली विचारी.

"ताप नाही गो. घाईने उतरवलास. अजून झाडावर हवा होता."

असल्या माणसाला घरी बोलवायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण विहिरीवरून कळशी आणताना बायको धाप लागून मध्येच बसू लागली. काढ्यांनी उतार पडेना. शेवटी त्यांनाच बोलावलं.

परक्या पुरुषासमोर ही येईना. अशा बायकांसाठी डॉक्टरांनी छाती ऐकायच्या आपल्या नळीला रबर जोडून ती चांगली लांब केली होती. ते पडद्याबाहेर बसत. आतलं टोक बाईने स्वतः छातीला लावायचं. ही तेही करीना.

"तुम्हीच लावा मेली ती नळी!" ती कुजबुजली.

मी लावली. माझ्याच छातीला.

बाहेर डॉक्टरांनी दुसरं टोक कानाला लावलं. मग आवाज आला, "भाऊ, हे काळीज तंबाखू खातं. आणि चोरी पकडली जाईल म्हणून उड्या मारतंय. बाहेर या पाहू."

मी बाहेर आलो. आता डॉक्टर हसणार, असं वाटलं. पण ते पडद्याशीच बोलले, अगदी हळू. "वहिनी, आमच्या घरीही असाच पडदा होता. गावभरची काळजं ऐकत फिरलो आणि घरच्या पडद्याचा मान राखला. आता घरात कोणी नाही."

पडदा जरासा हलला. रबर ताणलं गेलं. डॉक्टरांनी डोळे मिटले. "हां. आता खरं बोलतंय."

औषध लागू पडलं. हल्ली ती भरली कळशी कमरेवर घेऊन विहिरीपासून घरापर्यंत माझ्यावर ओरडत येते.

डॉक्टर खाणावळीत एकटे जेवतात. जाता-येता आमच्या दारावरून जातात. "बोलवा की हो त्यांना," असं ही किती वेळा म्हणाली. पण ते समोर आले की मी मान खाली घालतो. 'आज आमच्याकडे जेवायला या' एवढं एक वाक्य मी त्यांचं अजून देणं लागतो.